चाळीसगावचा टांगा आणि दौलताबादचा हौद

वंश, नागरिकत्व, पाणी आणि हवामान या विषयांवर हल्ली शहरांत व्याख्याने होतात. ती ऐकताना उदाहरणे बहुधा परदेशांतली असतात. एरंडोलसारख्या अंजनी नदीकाठच्या गावात असे व्याख्यान ठेवले, तर सुरुवात कोठून करावी? माझ्या मते चाळीसगावपासून. ते आपल्याच जळगाव जिल्ह्यातले गाव आहे आणि या चारही विषयांची वाट तिथून जाते.

१९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई सरकारने नेमलेल्या एका समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणे हे समितीचे काम होते. एका गावातील सामाजिक बहिष्काराची माहिती घेऊन ते रेल्वेने चाळीसगावला परतले. स्टेशनवर टांगे होते, पण महाराला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. महारवाड्यातल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याला सराव नव्हता. नदीवरच्या फरशीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. विलायतेत शिकलेला बॅरिस्टर, सरकारी समितीचा सदस्य, आणि त्याला टांगा मिळत नाही. कागदावरचे नागरिकत्व आणि रस्त्यावरचे नागरिकत्व यांत किती अंतर असते, ते या एका प्रसंगातून कळते.

बाबासाहेबांनी ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. नावच बोलके आहे. स्वतःच्याच देशात प्रवेशाच्या परवान्याची वाट पाहणारा माणूस. त्यातले आणखी दोन प्रसंग मराठी मुसलमानाने एकापुढे एक ठेवून वाचावेत.

पहिला १९०१ चा. लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावरून बैलगाडीने वडिलांकडे निघाला होता. मुले तहानलेली होती. वाटेत जकात नाका होता. गाडीवानाने सल्ला दिला की, नाकेदार हिंदू आहे, महार म्हणून सांगितले तर पाणी देणार नाही. मुसलमान असल्याचे सांगून पाहा. मुलाने नाकेदाराशी उर्दूत बोलून पाहिले, तरीही पाणी मिळाले नाही. पण त्या गाडीवानाच्या डोक्यातला हिशेब लक्षात घ्या. मुसलमान हे नाव सांगितले तर पाण्याची थोडी तरी आशा, असे त्याला वाटले.

दुसरा प्रसंग १९३४ चा. रमजानचा महिना होता. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ अंगावर होती. दरवाजाजवळच्या काठोकाठ भरलेल्या हौदावर काही जणांनी हातपाय धुतले. इतक्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की, यांनी हौद बाटवला. पाहता पाहता जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. तेव्हा बाबासाहेबांनी विचारले की, हेच तुमचा धर्म शिकवतो का, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही पाणी नाकाराल का? जमाव गप्प झाला. पुढे किल्ला पाहायला मिळाला, पण पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत एक हत्यारबंद शिपाई देऊन.

ज्या दीनमध्ये पाणी, चारा आणि आग यांवर सर्वांचा हक्क सांगितला आहे, वुजूच्या पाण्याची आठवण दिवसातून पाच वेळा होते, त्या दीनच्या माणसांनी हौद बाटल्याची ओरड करावी, हे पचवणे सोपे नाही. आणि जागा कोणती? दौलताबाद. मलिक अंबरच्या काळातली निजामशाहीची राजधानी. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला हा हबशी, दख्खनचा कारभारी झाला. जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगावरून त्याला हिणवले. त्याच अंबरने जवळच खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले आणि जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी पाजले. १६२६ मध्ये तो वारला. सुमारे तीनशे वर्षांनी त्याच दौलताबादेत पाण्याला शिवाशिव चिकटली.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, तेव्हा अनेकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेसाठी कोणी जागा देईना, ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने दिली. महाडचा दाखला आपण सभांमधून अभिमानाने देतो. दौलताबादचा देत नाही. इतिहास आपल्या सोयीने वाचायचा, तर मग दुसऱ्यांनीही तो सोयीने वाचल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

चवदार तळ्याचा दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आला. नागरिकत्वाच्या व्याख्येत विहीर यावी लागली, कारण इथे विहिरीवरच नागरिक ठरत होता.

आता हवामानाकडे येऊ. खानदेशाला पाणी जपून वापरण्याची जुनी सवय आहे. फारुकी सुलतानांच्या बुऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास मोगलांनी कुंडी भंडाऱ्याचे भूमिगत पाणी आणले. पांझरेवरच्या बंधाऱ्यांतून फड पद्धतीने पाळीपाळीने शेते भिजत. पाटकरी पाणी सोडी, जागल्या राखण करी. व्यवस्था नामी होती, पण पाण्याचा वाटा जमिनीला होता. ज्याला जमीन नाही, त्याचा फडात वाटाही नाही. आज उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, पाऊस लहरी झाला आहे. तहान वाढते तेव्हा टँकर आधी कोणत्या आळीत शिरतो आणि शेवटी कोणत्या वस्तीत पोहोचतो, हे जुन्या उतरंडीवरूनच ठरण्याचा धोका असतो. दलित, भिल्ल, पारधी वस्त्या आणि गावकुसाजवळचे मोहल्ले त्या रांगेत कुठे आहेत, हे प्रत्येक गावाने मोजावे.

नागरिकत्वाची कागदपत्रे शोधताना आपला समाज गेली काही वर्षे धास्तावलेला आहे. ती भीती खोटी नाही. पण आपल्या बिरादऱ्यांमध्ये अजूनही कोणाला खालचे मानले जात असेल, एखाद्याच्या हातचे पाणी घेताना कोणाचा हात आखडत असेल, तर बाबासाहेबांनी दौलताबादच्या हौदावर विचारलेला प्रश्न अजून आपल्यापुढेच उभा आहे. त्या दिवशी जमावाकडे उत्तर नव्हते. आपण ते व्याख्यानातून देऊ शकणार नाही; विहिरीवर, नळावर आणि मशिदीच्या हौदावरच द्यावे लागेल.