टर्नर चषक : एका गोलरक्षकाच्या स्मृतीचा प्रवास

उत्तर अमेरिकेतील इंटरनॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धेच्या विजेत्या संघाला दिला जाणारा करंडक ‘टर्नर चषक’ या नावाने ओळखला जात असे. १९४६ ते २००१ या काळात आणि त्यानंतर २००८ ते २०१० अशी तीन वर्षे तो प्रदान करण्यात आला. ज्याच्या स्मरणार्थ हे नाव ठेवण्यात आले, तो गोलरक्षक ज्यो टर्नर या खेळाच्या सर्वोच्च स्पर्धेत केवळ एकच सामना खेळला होता.

आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदानी हॉकीच डोळ्यांसमोर येते. बर्फावरील हॉकी भारतात प्रामुख्याने लडाख आणि हिमाचल प्रदेशातील अतिथंड भागांत खेळली जाते. या खेळात प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर उतरतात आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती वापरली जाते. अमेरिका आणि कॅनडा या देशांत नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल, ही सर्वोच्च स्पर्धा होय. तिच्या खालोखाल असलेल्या स्पर्धांना ‘मायनर लीग’ म्हणतात. नवोदित खेळाडू तेथे तयार होतात आणि वरच्या स्पर्धेत जागा न मिळालेले अनेक गुणी खेळाडू तेथेच आपली कारकीर्द पूर्ण करतात.

एकमेव सामना

ज्यो टर्नर याचा जन्म १९१९ मध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील विंडसर या शहरात झाला. डेट्रॉइट रेड विंग्ज या एनएचएल संघाशी संलग्न असलेल्या इंडियानापोलिस कॅपिटल्स संघाचा तो गोलरक्षक होता. या संघाने १९४२ मध्ये अमेरिकन हॉकी लीगचे विजेतेपद, अर्थात काल्डर चषक, पटकावले. त्याच हंगामात, ५ फेब्रुवारी १९४२ रोजी, टर्नरला डेट्रॉइटकडून टोरांटो मेपल लीफ्सविरुद्ध खेळण्याची संधी मिळाली. हा सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. त्या वेळी तो बावीस वर्षांचा होता.

ही संधी पुन्हा का मिळाली नाही, हे समजण्यासाठी तत्कालीन परिस्थिती लक्षात घ्यावी लागेल. त्या हंगामात एनएचएलमध्ये केवळ सात संघ होते आणि प्रत्येक संघ सामान्यतः एकच नियमित गोलरक्षक बाळगत असे. संपूर्ण खंडात या कामासाठी जेमतेम सात जागा होत्या. नियमित गोलरक्षक खेळण्यास असमर्थ ठरला, तरच दुसऱ्याला पाचारण केले जाई.

त्यानंतर टर्नर अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाला. जर्मनी व बेल्जियम यांच्या सीमेलगतच्या ह्यूर्टगेन अरण्यात १९४४-४५ च्या हिवाळ्यात झालेल्या भीषण लढाईत त्याला वीरमरण आले. मृत्युसमयी तो पंचवीस वर्षांचा होता.

दोन शहरांची स्पर्धा

महायुद्ध संपल्यावर, डिसेंबर १९४५ मध्ये, टर्नरच्या जन्मगावी, विंडसर येथेच इंटरनॅशनल हॉकी लीगची स्थापना झाली. युद्धावरून परतलेल्या खेळाडूंना पुन्हा खेळता यावे, हा त्यामागील उद्देश होता. नदीच्या एका तीरावर कॅनडाचे विंडसर आणि दुसऱ्या तीरावर अमेरिकेचे डेट्रॉइट. या दोन शहरांतील प्रत्येकी दोन, असे चार संघ पहिल्या हंगामात उतरले. स्पर्धेच्या नावातील ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाची व्याप्ती प्रारंभी एका नदीच्या दोन काठांपुरतीच होती. युद्धातून न परतलेल्या स्थानिक गोलरक्षकाचे नाव चषकाला देण्यात आले. १९४६ मध्ये डेट्रॉइट ऑटो क्लब हा संघ त्याचा पहिला मानकरी ठरला.

पुढे ही स्पर्धा मिशिगन, ओहायो आणि इंडियाना या राज्यांतील औद्योगिक शहरांत पसरली. सिनसिनाटी मोहॉक्स संघाने १९५३ ते १९५७ अशी सलग पाच वर्षे चषक जिंकला. फोर्ट वेन, टोलेडो, मस्कीगन, फ्लिंट, सॅगिनॉ यांसारख्या मध्यम आकाराच्या शहरांनी ही स्पर्धा अनेक दशके जोपासली. शहरे एकमेकांच्या जवळ असल्याने बसने प्रवास करणे शक्य होते आणि खर्च आटोक्यात राहत असे.

विस्तार आणि अस्त

१९८० आणि १९९० च्या दशकांत चित्र पालटले. सॉल्ट लेक सिटी, लास वेगास, ह्यूस्टन, अटलांटा, लॉस एंजेलिस, ऑरलँडो अशा दूरदूरच्या महानगरांत संघ उभे राहिले. विमानप्रवासामुळे खर्च वाढला. शिवाय एनएचएलचे संघही नव्या महानगरांत येऊ लागले. डेन्व्हर ग्रिझलीज संघाने १९९५ मध्ये टर्नर चषक जिंकला. परंतु त्याच वर्षी एनएचएलचा संघ डेन्व्हरमध्ये आल्याने विजेत्यांना गाव सोडून सॉल्ट लेक सिटीला जावे लागले. तेथे युटा ग्रिझलीज या नावाने त्यांनी १९९६ मध्ये पुन्हा चषक मिळवला. दुसरीकडे, १९५२ पासून स्पर्धेत असलेला फोर्ट वेन कॉमेट्स हा जुना संघ १९९९ मध्ये बाहेर पडला.

२००१ च्या अंतिम फेरीत ऑरलँडो सोलर बेअर्सने शिकागो वुल्व्हजचा ४-१ असा पराभव केला. त्यानंतर काही दिवसांतच, जूनमध्ये, स्पर्धा गुंडाळण्यात आली. शिकागो, ग्रँड रॅपिड्स, ह्यूस्टन, मॅनिटोबा, मिलवॉकी आणि युटा हे सहा संघ अमेरिकन हॉकी लीगमध्ये सामावून घेण्यात आले. विजेता ऑरलँडो संघ मात्र विसर्जित झाला. खेळाचा दर्जा हे स्पर्धा बंद पडण्याचे कारण नव्हते, हे लवकरच दिसून आले. २००२ मध्ये शिकागो, २००३ मध्ये ह्यूस्टन आणि २००४ मध्ये मिलवॉकी या सामावून घेतलेल्या संघांनीच काल्डर चषक जिंकला.

पुनरुज्जीवन

२००७ मध्ये युनायटेड हॉकी लीग या अन्य स्पर्धेने इंटरनॅशनल हॉकी लीग हे नाव धारण केले आणि विजेत्यांचा करंडक पुन्हा टर्नर चषक म्हणून ओळखला जाऊ लागला. या वेळी संघ मुख्यतः जुन्याच भागातील मध्यम शहरांचे होते. २००८, २००९ आणि २०१० या तिन्ही वर्षी फोर्ट वेन कॉमेट्सने विजेतेपद मिळवले. १९६३, १९६५, १९७३ आणि १९९३ मधील विजय धरता या संघाच्या नावावर सात टर्नर चषक जमा झाले. २०१० मध्ये ही स्पर्धाही संपुष्टात आली आणि त्यानंतर हा चषक कोणालाही देण्यात आलेला नाही.

एनएचएलच्या नोंदवहीत ज्यो टर्नरच्या नावापुढे एक सामना आणि एक बरोबरी एवढीच नोंद आहे. त्याच्या नावाच्या चषकासाठी मात्र शेकडो खेळाडूंनी आपली उमेदीची वर्षे खर्ची घातली. त्यांपैकी बहुसंख्य खेळाडूंच्या वाट्याला तो एक सामनाही आला नाही.