दक्षिणेचें रूपांतर

श्रावण महिना आला कीं पेशवाईंतील पुण्याच्या वाटा ब्राह्मणांच्या मेळाव्यांनीं भरून जात. कोंकणांतून, कर्नाटकांतून, थेट काशीकडूनही मंडळी येत. पर्वतीच्या पायथ्याजवळ रमणा नांवाचें एक भिंतींनीं वेढलेलें आवार होतें. त्यांत सारा समुदाय कोंडून घ्यावयाचा आणि एकेकास बाहेर सोडतांना त्याच्या हातावर दक्षिणा ठेवावयाची, असा तो सोहळा असे. शास्त्रीपंडितांचा परामर्श निराळा घेतला जाई. त्यांची परीक्षा होऊन विद्येच्या मानानें त्यांची संभावना होई. ही प्रथा मूळची तळेगांवच्या सेनापति दाभाड्यांची. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर पहिल्या बाजीरावानें ती पुण्यास चालूं ठेवली, आणि पुढच्या पेशव्यांनीं ती लाखों रुपयांच्या खर्चापर्यंत वाढविली.

ह्या दानांत औदार्य मोठें होतें. परंतु घेणाऱ्यावर कसलीच जबाबदारी नव्हती. वर्षभर एक अक्षर न शिकवितांही रमण्यांत शिरतां येत असे. याच दक्षिणेच्या अवशेषांतून पुढें अर्वाचीन महाराष्ट्राचे पहिले पदवीधर आणि पहिले देशी अध्यापक निर्माण व्हावे, हा इतिहासांतील एक विलक्षण योग होय.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि दक्षिणेचें काय करावयाचें हा प्रश्न एल्फिन्स्टनपुढें आला. जुनें राज्य घेतलें तरी जुन्या लोकांचीं मनें दुखवूं नयेत, हें त्याचें धोरण होतें. म्हणून दक्षिणा एकदम बंद न करतां तिचा ओघ हळूहळू विद्येकडे वळवावा असें त्यानें ठरविलें. ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं पुण्याच्या विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली गेली. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष हे विषय शिकविण्यास शास्त्री नेमले गेले आणि विद्यार्थ्यांस वेतन मिळूं लागलें. ज्या पैशानें दानाचें पुण्य मिळवावयाचें, त्याच पैशांतून आतां वर्ग चालूं लागले. मात्र विद्याही जुनीच आणि तिचे अधिकारीही जुनेच राहिले.

कालांतरानें सरकारनें दक्षिणेच्या यादींत नवीं नांवें घालण्याचें बंद केलें. जुने दक्षिणाधारी जसजसे निधन पावत, तसतशी रक्कम शिल्लक पडूं लागली. ह्या शिलकेवर कोणाचा हक्क, यावरून १८४९ सालीं पुण्यांत मोठें वादळ उठलें. ‘प्रभाकर’ पत्रांतून शतपत्रें लिहिणारे गोपाळ हरि देशमुख, म्हणजेच लोकहितवादी, व त्यांच्या विचाराच्या कांहीं मंडळींनीं सरकारास अर्ज केला कीं, दक्षिणेच्या पैशांतील कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस पारितोषिक म्हणून द्यावा, आणि तो देतांना जात पाहूं नये. अर्ज साधा होता. पण सनातनी मंडळींस तो धर्मावरचाच घाला वाटला. सह्या करणारांस दटावण्यांत आलें, त्यांच्यावर बहिष्काराचें सावट पडलें. त्या वेळीं जोतीराव फुले यांनीं आपले सुमारें २०० सोबती घेऊन सुधारकांचें संरक्षण केलें, अशी हकीकत फुल्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. ज्या दक्षिणेंतून फुल्यांच्या समाजाला आजवर एक कवडीही मिळाली नव्हती, तिच्या सुधारणेसाठीं तेच पुढें सरसावले होते.

सरकारनें अर्ज मान्य केला आणि १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. त्याच वर्षीं संस्कृत पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज निघालें. मराठींत पाठ्यपुस्तकें नव्हतीं, तशीं शास्त्रीय विषयांचीं साधीं पुस्तकेंही दुर्मिळ होतीं; त्या काळीं मराठी ग्रंथकारास छापण्याचा खर्च निघेल एवढी आशा ठेवणें हेंही धाडसच होतें. कमिटीच्या पारितोषिकांनीं त्याला पहिला आधार दिला.

परंतु पैसा कोणत्या कामास द्यावा एवढें ठरवून भागत नाहीं. तो कोणाच्या हातून वांटला जातो हेंही पाहावें लागतें. १८५५ सालीं जोतीरावांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहून ह्याच कमिटीकडे पाठविलें. अडाणी कुणब्याला धर्माच्या नांवानें कसें नागविलें जातें आणि विद्या हाच त्यावरचा उपाय कसा आहे, हा त्या नाटकाचा विषय. कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं. कमिटींतील भट सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन गृहस्थांचें कांहीं चाललें नाहीं, अशी तक्रार जोतीरावांनीं १८७३ च्या ‘गुलामगिरी’ ग्रंथांत नोंदवून ठेविली. तें नाटक छापून वाचकांच्या हातीं पडण्यास १९७९ साल उजाडावें लागलें. अर्जांत जातीचें बंधन सुटलें होतें. परीक्षकांच्या मनांतून तें सुटावयाचें होतें.

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. पण तें परीक्षा घेणारें विद्यापीठ होतें. शिकविण्याचा सारा भार कॉलेजांवर होता, आणि कॉलेजांत प्राध्यापक मोजके. वरच्या वर्गांचें काम साहेब करीत; खालच्या वर्गांकडे कोणी पाहावें? तेव्हां विद्याखात्याचे डायरेक्टर हॉवर्ड यांच्या कारकीर्दींत दक्षिणेच्या निधींतून फेलोशिपा काढण्यांत आल्या. कल्पना सुटसुटीत होती. हुशार तरुणास दरमहा कांहीं ठराविक रक्कम द्यावी. त्यानें आपला पुढील अभ्यास करावा आणि त्याबरोबरच खालच्या वर्गांस शिकवावें. विद्यार्थ्याची उपजीविका, कॉलेजची निकड आणि भावी अध्यापकाची उमेदवारी, अशीं तीन कामें एका लहानशा रकमेंत साधत होतीं.

निफाड येथें १८४२ सालीं जन्मलेले व कोल्हापुरास शिकून मुंबईस आलेले महादेव गोविंद रानडे हे ह्या योजनेचे आरंभींचे फेलो. १८५९ सालीं ते विद्यापीठाच्या पहिल्याच मॅट्रिक परीक्षेंत उत्तीर्ण झाले. प्रथम तीन वर्षें दरमहा ६० रुपये आणि पुढें तीन वर्षें दरमहा १२० रुपये, असें त्यांचें वेतन होतें. त्या पैशाच्या आधारावर त्यांनीं डोळे बिघडेपर्यंत वाचन केलें आणि शिकवीत शिकवीत बी. ए., एम. ए. व एल्एल्. बी. ह्या पदव्या मिळविल्या.

दात्याचा हात किती जड असूं शकतो, याचाही अनुभव रानड्यांस त्याच काळीं आला. मराठ्यांच्या राज्याशीं तुलना करून इंग्रजी राज्यावर टीका करणारा एक निबंध त्यांनीं लिहिला. प्रिन्सिपाल अलेक्झांडर ग्रँट यांचें रानड्यांवर प्रेम होतें. तरीही हा निबंध त्यांस सहन झाला नाहीं आणि रानड्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद झाली. रानड्यांनीं आपलें मत सोडलें नाहीं, आणि गुरूविषयीं मनांत अढीही धरली नाहीं. रमण्यांत दक्षिणा घेणाऱ्याला कोणी त्याचें मत विचारीत नसे. नवी दक्षिणा विचार करावयास शिकवीत होती. मग तो विचार दात्याविरुद्ध जाणें ओघानेंच आलें.

दुसरे फेलो रामकृष्ण गोपाळ भांडारकर. त्यांचा ओढा गणिताकडे व इंग्रजीकडे होता. संस्कृताकडे वळण्याचा आग्रह हॉवर्डसाहेबांचा. फेलो असतांना भांडारकरांनीं पुण्याच्या शास्त्र्यांपाशीं बसून व्याकरणादि शास्त्रांचें अध्ययन केलें. ज्या शास्त्र्यांच्या परंपरेला पूर्वीं रमण्याच्या दक्षिणेनें पोसलें, त्याच परंपरेची विद्या नव्या दक्षिणेवर जगणाऱ्या तरुणानें उचलली आणि तिला पाश्चात्त्य चिकित्सेची जोड दिली. भांडारकरांनीं शाळांसाठीं संस्कृताचीं दोन क्रमिक पुस्तकें लिहिलीं. नियम थोडा, उदाहरण पुष्कळ आणि प्रत्येक धड्यास भाषांतराचा अभ्यास, ह्या पद्धतीनें पिढ्यान्‌पिढ्या मुलें संस्कृत शिकलीं. अध्यापनाची सुधारणा म्हणतात ती हीच. पुढें ते डेक्कन कॉलेजांत प्राध्यापक झाले आणि १८९३ सालीं विद्यापीठाचे व्हाइस-चॅन्सलर झाले.

१८६२ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी. ए. परीक्षेंत चौघेजण उत्तीर्ण झाले: रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्यांपैकीं पहिले दोघे दक्षिणेच्या पैशावर उभे राहिलेले. ही गोष्ट ध्यानीं घेतली म्हणजे त्या ६० रुपयांचें मोल कळतें.

ह्या कथेस आणखी एक धागा आहे. विद्यापीठानें आरंभींच्या कांहीं वर्षांनंतर वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून टाकल्या होत्या. दक्षिणेच्या पारितोषिकांवर वाढूं लागलेल्या मराठीस विद्यापीठाच्या दारांतच अडविलें गेलें. तें दार पुन्हां उघडावें म्हणून उतारवयांत रानड्यांनींच खटपट केली. मराठींत अभ्यासण्याजोगें वाङ्मय नाहीं, हा आक्षेप खोडण्यासाठीं त्यांनीं १८९८ सालीं मराठी ग्रंथांचा आढावा घेतला. १९०१ च्या जानेवारींत ते निवर्तले आणि त्याच वर्षीं एम. ए. च्या परीक्षेंत मराठीस स्थान मिळालें. तरुणपणीं घेतलेलें वेतन त्यांनीं अशा रीतीनें भाषेच्या पदरीं परत घातलें.

रमण्याचें आवार आतां राहिलें नाहीं. तेथें वांटलेले लाखों रुपये कोणाच्या हातीं गेले, त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. फेलोंस मिळालेली रक्कम त्या मानानें अगदींच लहान. पण तिच्याबरोबर एक वर्ग, एक फळा आणि समोर बसलेलीं मुलें आलीं. ‘तृतीय रत्ना’चें परत आलेलें हस्तलिखित मात्र ह्या यशाच्या शेजारींच ठेवून पाहिलें पाहिजे. दान सत्पात्रीं असावें, असें आपलें शास्त्र सांगतें. पात्र कोण, हें ठरविणारा डोळाही तितकाच निर्मळ असावा लागतो, हें दक्षिणेच्या ह्या इतिहासानें त्यांत जोडलें आहे.