दगडातली चेतनगुणोक्ती

मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्यांना चेतनगुणोक्ती अलंकार आठवत असेल. निर्जीव वस्तू किंवा नुसती कल्पना माणसासारखी वागू लागली की हा अलंकार होतो. वर्गात शिकवताना मी झाडाची, वाऱ्याची उदाहरणे द्यायचो. पण मंडळी, याचे एक भले मोठे उदाहरण मुंबईत बोरीबंदरला भर रस्त्यावर उभे आहे, तेही दगडात!

आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणजे जुने व्हिक्टोरिया टर्मिनस. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. बांधकाम १८७८ साली सुरू झाले आणि १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, तिचे नाव इमारतीला मिळाले. मधल्या घुमटावर एक स्त्री उभी आहे. उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचे चाक. ही 'प्रगती'. प्रगती हे भाववाचक नाम, डोळ्यांना न दिसणारे. शिल्पकार थॉमस अर्प यांनी तिला देह दिला. खालच्या शिखरांवर शेती, व्यापार आणि अभियांत्रिकी अशाच मूर्तिरूपात आहेत. फाटकाच्या एका खांबावर सिंह म्हणजे ब्रिटन, दुसऱ्यावर वाघ म्हणजे हिंदुस्थान. पाने, फुले, पशुपक्षी यांचे बरेचसे कोरीवकाम मात्र जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे.

आपल्याला हे नवे नाही. विद्येची सरस्वती, धनाची लक्ष्मी आपण पूर्वीपासून पाहत आलो. फरक इतकाच की त्यांना आपण हात जोडतो. या 'प्रगती'ला कुणी हात जोडत नाही, बहुतेकांना ती कोण हेही माहीत नसते. ती पूजेसाठी नाहीच. रेल्वे कंपनीने स्वतःविषयी काय समजावे, ते तिने दगडात लिहून ठेवले आहे. शेती, व्यापार, अभियांत्रिकी आणि या सगळ्यांवर प्रगती!

इतिहास वाचताना मला ही वाक्यरचना खटकते. बांधकाम सुरू झाले ते साल पाहा. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. रेल्वेने दुष्काळी भागात धान्य आणले हे खरे, पण त्याच काळात हिंदुस्थानातून विलायतेला गहू जात राहिला हेही खरे. त्याआधी बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याच्या कामावर कॉलऱ्याने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. शिखरावर 'अभियांत्रिकी' आहे, पण घाट फोडणारा मजूर कुठे आहे? 'शेती' आहे, पण शेतकरी कुठे आहे? अलंकाराचा हाच धोका. कल्पनेला चेहरा मिळतो आणि खरा चेहरा असलेली माणसे वाक्यातून गळून पडतात.

आपली माणसे तिथे अजिबात नाहीत असे नाही. कंपनीशी संबंधित मान्यवरांचे मुखवटे दर्शनी भागावर कोरले आहेत, त्यांत आपले नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्यामागे नानांची खटपट होती. नानांना जागा मिळाली याचा आनंद आहेच.

स्वातंत्र्यानंतर घड्याळाखालच्या कोनाड्यातली राणी गेली. १९९६ साली नाव बदलले. 'प्रगती'ला मात्र कुणी हलवले नाही, आणि ते बरेच झाले असे मला वाटते. राणीचा अर्थ ठरलेला होता. 'प्रगती' हे नाम आहे, त्याचा अर्थ वापरणारा ठरवतो. तिच्या पायाखालून रोज लाखो माणसे जातात, डबे घेऊन, मुले कडेवर घेऊन. तिच्या चाकाला आता काही अर्थ असेल तर तो या माणसांमुळे.

असो. बोरीबंदरला उतरलात आणि गाडीला वेळ असला, तर समोरच्या पदपथावर जाऊन एकदा मान वर करा.