अथेन्सचा हजेरीपट



प्राचीन ग्रीकांविषयी बोलावयास एका कामगार कार्यकर्त्याला का उभे केले, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्तच आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे सारे रात्रपाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयात झाले. ग्रीक भाषा आम्हांस येत नाही. परंतु गेली काही वर्षे उन्हाळ्याच्या सुटीत युनियनच्या कचेरीत कामगारांच्या मुलामुलींचा एक वर्ग आम्ही चालवतो. सहावी ते आठवीतली ही मुले. त्यांना ग्रीस सांगता सांगता आम्हीच जे शिकलो, ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

पहिल्या वर्षी आमचे चुकले. सिकंदर, सॉक्रेटिस, प्लेटो, पार्थेनॉनचे मंदिर, अशी थोरामोठ्यांची यादी आम्ही वाचली आणि मुले पंख्याकडे पाहत बसली. दुसऱ्या वर्षी आम्ही फुटक्या माठाचे तुकडे नेले. प्रत्येकाच्या हाती एक खापरी आणि एक खिळा दिला आणि म्हटले, “या वर्गात जो फार शिरजोर झाला आहे असे वाटते, त्याचे नाव कोरा.” मग पंख्याकडे कोण पाहतो?

अथेन्समध्ये नेमके हेच चाले. दरवर्षी लोकसभेत विचारले जाई की, यंदा कोणाला शहराबाहेर घालवायचे आहे काय? होय असे ठरले, तर पुढे एका दिवशी नागरिक बाजारचौकात येऊन खापरीवर नाव कोरून टाकीत. निदान ६००० खापऱ्या पडल्या, तर ज्याचे नाव सर्वांत अधिक, त्याने दहा वर्षे देश सोडावा. त्याची मालमत्ता जप्त होत नसे. आरोप नाही, खटला नाही. केवळ हा माणूस फार मोठा होऊ पाहतो एवढेच कारण पुरे.

१९३७ साली अक्रॉपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत १९० खापऱ्या सापडल्या. सर्वांवर नाव एकच, थेमिस्टोक्लीज. पण अक्षर तपासले तेव्हा दिसले की, त्या अवघ्या चौदा हातांनी लिहिलेल्या आहेत. हे सांगताच मागल्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, “म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या!” युनियनच्या निवडणुका आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत, त्यामुळे आम्हांस हसू आवरेना. मात्र न्यायाने सांगितले पाहिजे की, लिहिता न येणारांचीही त्यात सोय असेल, आणि विहिरीत एकगठ्ठा सापडल्या त्या अर्थी त्या बहुधा वापरल्याच गेल्या नसतील.

हा थेमिस्टोक्लीज कोण, हे मग मुलेच विचारतात. इ. स. पूर्व ४८३ च्या सुमारास लॉरिऑनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. दर नागरिकास दहा ड्राक्मा वाटावे, असा विचार निघाला. आमच्या भाषेत, बोनस. थेमिस्टोक्लीज म्हणाला, वाटू नका, जहाजे बांधा. बोनस सोडा म्हणून सभेला पटवणे किती कठीण, हे आमच्याइतके कोणास ठाऊक! पण लोकांनी ऐकले, आणि इ. स. पूर्व ४८० मध्ये सॅलमिसच्या सामुद्रधुनीत त्याच जहाजांनी इराणी आरमार मोडले. थोड्याच वर्षांत, ४७१ च्या सुमारास, खापऱ्यांनी त्यालाच हद्दपार केले.

त्या एका जहाजावर १७० वल्हेकरी बसत. चिलखत-भाला घेण्याची ऐपत नसलेली गरीब माणसे ती. शहर आपल्या हातांनी वाचले हे त्यांना उमगले, तेव्हा राज्यकारभारात त्यांचा शब्द वजनदार झाला. न्यायासाठी दरवर्षी ६००० नागरिक चिठ्ठ्या टाकून निवडले जात. पण रोज बुडवून न्यायासनावर बसणार कोण? म्हणून पेरिक्लीसने त्यांना भत्ता सुरू केला. आधी दोन ओबोल, पुढे तीन झाले. सहा ओबोलांचा एक ड्राक्मा. हक्क नुसता कागदावर असून भागत नाही. तो बजावण्यापुरता वेळ आणि पोटाला आधार लागतो, हे त्या लोकांनी ओळखले होते. ग्रीकांच्या साऱ्या वैभवात आम्हांस ही गोष्ट पार्थेनॉनहून मोठी वाटत आली.

आता हजेरीपटाकडे येऊ. अक्रॉपोलिसवर एरेक्थिऑन नावाचे देऊळ आहे. इ. स. पूर्व ४०९ च्या सुमारास त्याचे अडलेले काम पुन्हा हाती घेतले, तेव्हाचा खर्चाचा हिशेब दगडावर कोरलेला सापडला आहे. सुतार, गवंडी, पाथरवट यांची नावे, काम आणि मजुरी. कुशल कारागिराचा रोज एक ड्राक्मा, आणि देवळाच्या वास्तुशिल्पज्ञाचाही तेवढाच! ज्यांचा दर्जा समजतो असे ८६ जण आहेत. त्यांपैकी २४ नागरिक, ४२ उपरे रहिवासी आणि २० गुलाम. सिमियास नावाचा एक उपरा आपल्याच गुलामांबरोबर खांबाला पन्हळी पाडत होता. एकच खांब, एकच छिन्नी, एकच दर.

येथे मुले टाळ्या वाजवतात. आम्हीही पहिल्याने वाजवल्या होत्या. मग विचारावे लागते की, गुलामाचा ड्राक्मा जाई कोणाच्या खिशात? बहुधा मालकाच्या. आणि ज्या चांदीने जहाजे बांधली, ती खणली कोणी? गुलामांनी. निकियास नावाच्या सेनापतीने आपले १००० गुलाम खाणीत भाड्याने दिले होते, दर माणशी रोजी एक ओबोल. ते भाडे मालकाचे. ज्याने अंधारात कातळ फोडला त्याचे नाव या हजेरीपटावर नाही. इ. स. पूर्व ४१३ मध्ये स्पार्टाने डेकेलियाला ठाणे दिले, तेव्हा २०,००० हून अधिक गुलाम पळून गेले, असे थ्युसिडिडीज लिहितो, आणि त्यांतले पुष्कळ कारागीर होते. त्या वीस हजारांनी खापरी न कोरता, पायांनी मत दिले.

ज्या पेरिक्लीसने भत्ता दिला, त्यानेच इ. स. पूर्व ४५१ मध्ये कायदा केला की, आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तोच नागरिक. आईचे कूळ मोजले, पण आईला मत नाही ते नाहीच. आतल्यांचा वाटा वाढला, तसे दारही अरुंद झाले.

हे सांगून झाले, तेव्हा सातवीतली एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, “काका, आपल्या युनियनच्या निवडणुकीत ठेकेदाराच्या माणसांना मत असते का?” तिचा बाप आमच्याच कारखान्यात, कायम कामगारांच्या शेजारच्या यंत्रावर, ठेकेदाराकडून कामाला होता. आम्ही म्हणालो, “नाही.” तिने एवढेच विचारले, “मग आमचे बाबा सिमियासच्या माणसांत का?” आम्हांस उत्तर देता आले नाही. तीस वर्षे आम्ही भाषणांत लोकशाही म्हणत आलो, आणि आमच्या युनियनच्या घटनेतला तो नियम लिहिताना आमचाही हात त्यात होता.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत, ठेक्यावरच्या कामगारांना सभासदत्व आणि मत द्यावे, असा ठराव आम्ही मांडला. तो पडला. विरोध करणारे वाईट नव्हते. मोठ्या कष्टाने मिळवलेले वाटले जाईल ही त्यांची धास्ती होती. अथेन्सच्या नागरिकांचीही तीच असावी. यंदा ठराव पुन्हा मांडणार आहोत.

म्हणून शिक्षक मंडळींना आमची विनंती एवढीच की, मुलांना ग्रीक लोक देव म्हणून दाखवू नका, आणि गुलाम बाळगणारे म्हणून त्यांच्यावर फुलीही मारू नका. राजाविना माणसे आपला कारभार आपण चालवू शकतात, हे त्यांनी करून दाखवले. आणि ते करताना कोणाला दाराबाहेर ठेवले, तेही दगडावर कोरून ठेवले. मुलांच्या हाती खापरी द्या, हजेरीपट द्या. पुढचे प्रश्न ती आपणहून विचारतील. ते ऐकून घेण्याची तयारी मात्र आपण ठेवली पाहिजे.