नमुना आणि समाज : संमतिपूर्ण बहुसंबंधांच्या संशोधनातील एक प्रश्न

सामाजिक शास्त्राने रेखाटलेले चित्र समाजाचे असते की प्रश्नांना उत्तरे देण्यास पुढे आलेल्या माणसांचे, ही शंका या शास्त्रांइतकीच जुनी आहे. परंतु लैंगिक जीवनाच्या अभ्यासात ती विशेष बिकट होते. सर्व संबंधितांच्या संमतीने एकाहून अधिक जोडीदारांशी ठेवलेले संबंध, आणि ‘किंक’ या नावाने ओळखले जाणारे बंधन, प्रभुत्व वा वेदना यांचे संमतिपूर्ण व्यवहार, यांविषयीच्या अमेरिकेतील संशोधनाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

आल्फ्रेड किन्से व त्यांचे सहकारी यांचा पुरुषांविषयीचा ग्रंथ १९४८ साली आणि स्त्रियांविषयीचा १९५३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्यास सुमारे ५,३०० पुरुषांच्या व दुसऱ्यास ५,९४० स्त्रियांच्या मुलाखतींचा आधार होता. विवाहबाह्य संबंधांची त्यांत मोजदाद झाली. पीडनाच्या कथांनी उद्दीपित होणाऱ्यांचे प्रमाणही स्त्रियांत १२ व पुरुषांत २२ टक्के असे नोंदविले गेले. तथापि ही सारी कोष्टके केवळ गौरवर्णीयांची होती. १९५४ साली कॉक्रन, मोस्टेलर व ट्यूकी या संख्याशास्त्रज्ञांनी या कार्याचे परीक्षण केले, तेव्हा माणसांची निवड यदृच्छ पद्धतीने झालेली नाही या उणिवेवर त्यांनी नेमके बोट ठेवले.

पुढील पिढीने हा धडा गिरविला असे दिसत नाही. परस्परसंमतीने जोडीदारांची अदलाबदल करणाऱ्या दांपत्यांवरील गिल्बर्ट बार्टेल यांचे पुस्तक १९७१ साली निघाले. त्यातील माणसे प्रायः उपनगरांत राहणारी, मध्यमवर्गीय व गौरवर्णीय होती. चार दशकांनंतर, २०११ साली, एलिझाबेथ शेफ व कोरी हॅमर्स यांनी बहुसंबंध व किंक यांवरील ३६ अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक ठिकाणी त्यांना तोच माणूस भेटला : गोरा, सुशिक्षित, मध्यम वा उच्च मध्यमवर्गातील.

या एकसारखेपणाची कारणे दुहेरी आहेत. संशोधक उत्तरदाते शोधीत ते मंडळांतून, संमेलनांतून, इंटरनेटवरून आणि ओळखीच्या माणसाने दिलेल्या दुसऱ्या ओळखीतून. म्हणजे एका वर्तुळातून निघालेली वाट त्याच वर्तुळात परत येई. दुसरे कारण अधिक खोल आहे. असे जीवन उघड झाल्यास नोकरी, घर किंवा मुलांचा ताबा गमावण्याचे भय असते. ज्याच्यापाशी पैसा, पदवी व वर्णाची प्रतिष्ठा आहे, त्याला हा धोका काही अंशी पेलतो. वर्णामुळे आधीच संशयाने पाहिल्या जाणाऱ्या माणसाला आणखी एक कलंक परवडत नाही. सारांश, बोलण्याचे धैर्य हीदेखील विषमतेने वाटली गेलेली मालमत्ता आहे.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या हॉपर्ट व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने या चित्राला धक्का दिला. अमेरिकेतील अविवाहित वा एकट्या प्रौढांच्या दोन राष्ट्रव्यापी नमुन्यांत, अनुक्रमे ३,९०५ व ४,८१३ व्यक्तींत, पाचांतील एकाहून अधिक जणांनी आयुष्यात कधीतरी संमतिपूर्ण बहुसंबंध अनुभवल्याचे सांगितले. पुरुषांत व समलिंगी वा उभयलिंगी आकर्षण असणाऱ्यांत हे प्रमाण अधिक होते. परंतु वर्ण, शिक्षण, उत्पन्न व धर्म यांनुसार त्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

या निष्कर्षाचा अर्थ मर्यादेनेच घ्यावयास हवा. तो एकट्या माणसांपुरता व बहुसंबंधांपुरता आहे. किंकविषयी त्यावरून काही ठरत नाही. शिवाय कधीतरी घेतलेला अनुभव निराळा आणि त्या नावाने ओळख सांगून मंडळात वावरणे निराळे. तरीही, असे व्यवहार म्हणजे सुखवस्तू गोऱ्यांचा छंद, ही समजूत बव्हंशी शोधण्याच्या रीतीतून उपजली, एवढे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. नमुन्यात कोण नाही व का नाही, याचा विचार निष्कर्षानंतर जोडावयाची तळटीप नव्हे. संशोधनाचा आरंभच तेथून व्हावयास हवा.