टिलापियाची वाढ : लिंग, संप्रेरक आणि मत्स्यशेतीचा इतिहास

प्रस्तावना

उजनी जलाशयाच्या काठी, भिगवणच्या मासळी बाजारात ‘चिलापी’ या नावाने जो मासा ढिगांनी विकला जातो, तो मूळचा आफ्रिकेतील टिलापिया होय. हा मासा ‘हार्मोन देऊन फुगवलेला’ असतो, असा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो. महाविद्यालयाच्या अध्यापक-कक्षात प्रस्तुत लेखकाने तो अनेकदा ऐकला आहे. वस्तुतः जलाशयात आपोआप पैदास झालेल्या चिलापीचा संप्रेरकयुक्त खाद्याशी कधीच संबंध आलेला नसतो. संप्रेरक दिले जाते ते बीजोत्पादन केंद्रातील पिल्लांना, आणि तेही वाढीसाठी नव्हे, तर नर बनविण्यासाठी. या दोन हेतूंमधील फरक कसा निर्माण झाला आणि पुढे तो कसा पुसट झाला, याचा ऐतिहासिक अंगाने विचार येथे केला आहे.

अतिप्रजननाची समस्या

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोझांबिक टिलापिया जावा बेटावर आढळला. तो जोपासणाऱ्या मुजाइर या ग्रामस्थाच्या नावाने तो इंडोनेशियात आजही ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आग्नेय आशियात त्याचा झपाट्याने प्रसार झाला. गरिबांना स्वस्त प्रथिने पुरविणारा मासा म्हणून त्याचे स्वागत झाले आणि १९५२ मध्ये तो भारतातही आणला गेला. मात्र अवघ्या सात वर्षांत, १९५९ मध्ये, भारताच्या मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली.

इतक्या लवकर भ्रमनिरास होण्याचे कारण या माशाच्या प्रजननात होते. टिलापिया दोन-तीन महिन्यांतच प्रौढ होतो. मादी अंडी तोंडात उबवते आणि त्या काळात जवळजवळ काहीच खात नाही. पिल्ले मोकळी झाली की थोड्याच दिवसांत ती पुन्हा अंडी घालते. परिणामी तळ्यात मासे अगणित, परंतु बाजारात नेण्याजोगे थोडेच, अशी अवस्था होते. मासा वाढत नव्हता असे म्हणण्यापेक्षा त्याचे अन्न संततीकडे वळत होते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. मादीची वाढ नराहून कमी असते, हेही लवकरच ध्यानात आले. पुढील सर्व संशोधनाची दिशा यातूनच ठरली : तळ्यात केवळ नरच सोडावेत.

नर मिळविण्याचे मार्ग

पहिला मार्ग हाताने निवडण्याचा. बोटुकली पुरेशी मोठी झाली की जननछिद्राजवळील उंचवटा पाहून नर-मादी वेगळे करावयाचे. हे काम कष्टाचे होते. निम्मे बीज वाया जाई आणि नजर चुकून राहिलेल्या थोड्या माद्याही तळे पुन्हा पिल्लांनी भरून टाकीत. दुसरा मार्ग संकराचा. मलाक्का येथील संशोधन संस्थेत सी. एफ. हिकलिंग यांनी मोझांबिक मादी व झांझिबारकडील नर यांचा संकर केला, तेव्हा सर्व संतती नर निघाली. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने मोठी आशा निर्माण केली. पुढे इस्राएलमध्येही वेगळ्या जातींचे संकर रूढ झाले. परंतु दोन्ही पालकजाती शुद्ध राखणे प्रत्यक्षात फार अवघड ठरले.

तिसरा मार्ग प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आला. जपानमधील तोकिओ यामामोतो यांनी १९५० च्या दशकात मेडाका या छोट्या माशावर प्रयोग करून संप्रेरकांनी माशाचे लिंग बदलता येते, हे सिद्ध केले होते. १९६८ मध्ये क्लेमेन्स व इन्स्ली यांनी मिथाइल टेस्टोस्टेरॉन खाद्यातून देऊन मोझांबिक टिलापियाचे लिंगपरिवर्तन घडविले. १९७५ मध्ये फिलिपाईन्सचे राफाएल गेरेरो यांनी निळ्या टिलापियावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आज रूढ असलेली पद्धत याच वाटेने घडली. अल्कोहोलमध्ये विरघळविलेले संप्रेरक, किलोमागे साधारणतः ६० मिलिग्रॅम, खाद्यात मिसळतात आणि ते जेमतेम एक सेंटिमीटर लांबीच्या पिल्लांना तीन ते चार आठवडे देतात. पिल्लाच्या जननग्रंथीची दिशा निश्चित होण्यापूर्वीच हे व्हावे लागते. त्यानंतर विक्रीयोग्य होईपर्यंतचे पाच-सहा महिने त्याला संप्रेरक दिले जात नाही.

श्रेय कोणाचे?

येथे एक आक्षेप रास्त आहे. मिथाइल टेस्टोस्टेरॉन हे स्नायूवर्धकही आहे. १९९३ मध्ये हवाई येथील संशोधकांनी ते खाऊ घातलेल्या मोझांबिक नरांची वाढ अधिक झाल्याचे नोंदविले. तेव्हा ‘संप्रेरकाने वाढ होते’ हे विधान सर्वस्वी खोटे नाही. परंतु तळ्यातील उत्पादनवाढीचे मुख्य कारण तेच काय, हे ठरविण्यासाठी संप्रेरक न खाल्लेले नर हवे होते.

ते फिलिपाईन्समध्ये मिळाले. मध्य लुझोन राज्य विद्यापीठ व वेल्समधील स्वान्सी येथील संशोधकांनी नाईल टिलापियाच्या नरपिल्लांना प्रथम स्त्री-संप्रेरक देऊन माद्या बनविले. त्यांचा सामान्य नरांशी संकर करून ‘वाय-वाय’ गुणसूत्रांचे नर मिळविले, आणि अशा नरांची सामान्य मादीपासून झालेली संतती सरासरी ९५ टक्क्यांहून अधिक नर निघाली. ग्रॅहम मेअर व सहकाऱ्यांचा यावरील निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. या माशांना स्वतः संप्रेरकाचा स्पर्शही झालेला नव्हता. तो झाला होता मागील पिढ्यांतील माद्यांना. तरीही मिश्र साठ्यापेक्षा त्यांचे उत्पादन स्पष्टपणे अधिक होते. केवळ माद्यांचा वेगळा साठा केला तरी तो नरांच्या मागेच राहतो, हेही निरनिराळ्या प्रयोगांत दिसले आहे. अर्थात, वाढीचे श्रेय प्रामुख्याने नरत्वाला आणि प्रजनन टळल्याला जाते. संप्रेरक हे तिथे पोहोचण्याचे स्वस्त साधन आहे.

युरोपीय समुदायाच्या कायद्यानेही हा भेद मान्य केला, ही बाब लक्षणीय आहे. १९९६ च्या निर्देशाने पशूंच्या वाढीसाठी संप्रेरके वापरण्यास मनाई केली. परंतु पहिल्या तीन महिन्यांतील माशांचे लिंगपरिवर्तन करण्यासाठी पुरुष-संप्रेरकाला परवानगी देण्याची मुभा ठेवली. किरणोत्सारी खूण लावलेल्या संप्रेरकाच्या प्रयोगांतही खाद्य थांबविल्यावर ते माशाच्या शरीरातून वेगाने बाहेर पडत असल्याचे दिसले होते.

म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते चिंता करावयाची जागा ताटात नाही, ती बीजोत्पादन केंद्रात आहे. न खाल्लेल्या खाद्यातील संप्रेरक तळ्याच्या गाळात आठवडेच्या आठवडे टिकून राहते, असे आढळले आहे. ते पाणी पुढे कोणत्या ओढ्याला सोडले जाते आणि खाद्य कालवणाऱ्या मजुराच्या हातांत मोजे असतात की नाही, याची विचारपूस मात्र भिगवणच्या बाजारात भाव करणारा ग्राहक करीत नाही, आणि अध्यापक-कक्षातील चर्चेतही तो विषय निघत नाही.