हेन्ड्रिक्सच्या वेष्टनावरील विष्णू आणि बोरघाटाची वाट

१/ डिसेंबर १९६७. जिमी हेन्ड्रिक्सच्या त्रिकुटाची दुसरी तबकडी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली : ‘ॲक्सिस : बोल्ड ॲज लव्ह’. तिच्या वेष्टनावर भगवान विष्णूचे विराट रूप होते आणि मधोमध, जिथे देवाचे मुख असावयाचे तिथे, हेन्ड्रिक्स, नोएल रेडिंग आणि मिच मिचेल या तिघा वादकांचे चेहरे. आजचा धागा या चित्राविषयी. त्याची एक वाट आपल्या कर्जत-खालापुरातून जाते.

२/ रॉक संगीताच्या चाहत्यांना वेष्टनांत गूढार्थ शोधण्याचा मोठा छंद. येथे कुणाला तीन वादकांत त्रिमूर्ती दिसते, कुणाला ‘ॲक्सिस’ या शब्दात मेरुपर्वत दिसतो, तर कुणी हेन्ड्रिक्सला थेट वैष्णव ठरवून मोकळा होतो. वस्तुस्थिती याहून साधी आहे, आणि माझ्या मते अधिक रंजकही.

३/ वेष्टनाची मांडणी डेव्हिड किंग आणि रॉजर लॉ यांची. कार्ल फेरिस या छायाचित्रकाराने टिपलेल्या छबीवरून लॉ यांनी तिघांचे चित्र रंगवले आणि ते बाजारात मिळणाऱ्या एका छापील विश्वरूप-चित्रावर बसवले. खुद्द हेन्ड्रिक्सला हा प्रकार रुचला नव्हता. आपल्या घराण्यातील अमेरिकी आदिवासी वारशाचे काही त्यावर असते तर ते अधिक शोभले असते, असे त्याचे म्हणणे होते.

४/ त्याला ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेतील मूलनिवासी अभिप्रेत होते आणि मांडणीकारांनी हिंदुस्थान समजून घेतला, अशी एक कथा नेहमी सांगितली जाते. कथा खरी असो वा रचलेली, कोलंबसाचा घोटाळा पावणेपाचशे वर्षांनी तबकडीच्या वेष्टनावर उमटला, ही कल्पना मोठी गमतीची आहे खरी.

५/ त्याच वर्षीच्या जूनमधील एक प्रसंग शेजारी ठेवून पाहावा. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स’च्या वेष्टनावरील गर्दीत महात्मा गांधींची प्रतिमाही होती. ईएमआयचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवूड यांनी ती काढावयास लावली. हिंदुस्थानातील ग्राहक दुखावतील, ही त्यांची धास्ती. परमहंस योगानंद आणि त्यांच्या परंपरेतील गुरू मात्र तिथेच राहिले. गांधी खपणार नाहीत, पण विष्णू चालेल, असा त्या वर्षीच्या लंडनचा एकूण हिशेब दिसतो.

६/ आता मूळ प्रश्न. देवाचे चित्र मुळात दुकानातून उचलता येईल इतके स्वस्त आणि सुटे झाले कसे? त्याचे उत्तर शोधण्यासाठी कर्जतला गाडीत बसावे. मागे जादा इंजिने जोडून गाडी बोरघाट चढते, खंडाळा जाते, लोणावळा जाते, आणि पुढचे स्थानक येते माळवली.

७/ राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. मुंबईत प्लेगचा कहर सुरू असतानाच्या काळात, १८९९ मध्ये, तो माळवलीस हलला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तो त्यांच्याकडील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटात येण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते.

८/ शिळाछपाईचे तत्त्व तेल आणि पाणी यांच्या वैरावर उभे आहे. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, तेही उलटे, आरशात दिसावे तसे. दगड ओला केला की रिकामी जागा पाणी धरते आणि शाईला दूर लोटते. शाई बसते ती फक्त तेलकट रेघेवर. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड. एकच कागद पुन्हा पुन्हा, नेमक्या त्याच जागी, दाबाखालून जाई, तेव्हा लक्ष्मीच्या साडीला तिचा रंग चढे. एखादा दगड केसभर सरकला तरी देवीचे ओठ गालावर जात.

९/ तेथून मुंबईच्या बाजारात जाणाऱ्या गठ्ठ्यांना एकच उतार होता : बोरघाट. रुळाने आले तर कर्जतवरून, सडकेने आले तर खोपोली-खालापूरवरून. पूर्वी देवाच्या दर्शनास देवळात जावे लागे, आणि देवळात कुणाला प्रवेश होता, कुणाला नव्हता, हे वाचकांस सांगावयास नको. कागदावरचा देव मात्र ज्याच्या हाती पैसे त्याच्या घरी आला, कुडाच्या भिंतीवरही आला. ही क्रांती लहान नव्हे.

१०/ परंतु देव सुटा झाला की तो कुठेही जाऊ शकतो. दिनदर्शिकेवर गेला, आगपेटीवर गेला, कापडाच्या गठ्ठ्यावरील चिठ्ठीवर गेला. लंडनच्या मांडणीकारांपर्यंत पोचलेले विश्वरूप याच बाजाराचे अपत्य.

११/ उलट एक उदाहरण महाराष्ट्राशीच जोडलेले आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, याने ‘क्वीन’चे बोधचिन्ह स्वतः रेखाटले. दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या : चौघा सदस्यांच्या राशी. दोघे सिंहेचे, एक कर्केचा आणि कन्या राशीचा तो स्वतः. वर पंख पसरलेला फिनिक्स. पारशी असल्यामुळे त्या पंखांत अनेकांना फरवहर दिसतो, पण राशींचा हिशेब मात्र स्वच्छ आहे. तिथे चिन्ह आणि ते काढणारा हात एकच.

१२/ हेन्ड्रिक्सच्या वेष्टनाचे तसे नाही. त्यावरील चित्राचा अर्थ झाकलेला नव्हताच. गीतेचा अकरावा अध्याय ज्याने कीर्तनात ऐकला आहे, त्याला ते चित्र लंडनच्या कोणत्याही समीक्षकाआधी वाचता येईल. आणि त्याला एक विसंगतीही चटकन दिसेल. विश्वरूपात माणसे आहेत, पण ती त्या अक्राळविक्राळ मुखांत वेगाने शिरत आहेत, दाढांखाली चिरडली जात आहेत. ते पाहून अर्जुन घाबरतो आणि पूर्वीचे सौम्य रूप दाखव म्हणून विनवतो. मांडणीकारांनी वादकांना बसवले ते नेमके गिळणाऱ्याच्या जागी.

१३/ भाविकांना हे खटकले तर त्यात नवल नाही. २०१४ मध्ये मलेशियाच्या सरकारने तेथील हिंदूंच्या भावनांचे कारण देऊन या वेष्टनावर बंदी घातली. बंदीने काय साधले ते सांगणे अवघड. तबकडी तोवर सत्तेचाळीस वर्षे जगभर विकली गेली होती.

१४/ मला स्वतःला खटकते ते वेगळेच. वेष्टनाच्या श्रेयनामावलीत किंग आहेत, लॉ आहेत. ज्याने ते विश्वरूप रंगवले, एकेक मुख, एकेक हात, एकेक आयुध, त्याचे नाव तिथे नाही.

१५/ माळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत भस्मसात झाला. गाडी आजही त्या स्थानकावर थांबते.